रोजनिशी कोणाची उघडावी? — ‘अस्तित्व’ बोलपटाच्या निमित्तानें

गेल्या कार्तिकीस पंढरपूरचें दर्शन आटोपून परततांना आम्हीं मोडनिंबास आमच्या नात्यांतील एका घरीं दोन दिवस मुक्काम केला. सोलापूर जिल्ह्याच्या माढा तालुक्यांत पुणें-सोलापूर महामार्गाच्या कडेला वसलेलें हें गांव. कुर्डुवाडीहून पंढरपुरास जाणारा लोहमार्गही येथूनच जातो; १९०६ सालीं बार्शी लाइट रेल्वेनें तो सुरू केला, तेव्हांपासून वारकऱ्यांच्या कित्येक पिढ्या या वाटेनें गेल्या. घर जुन्या वळणाचें. चार पिढ्या एका छपराखालीं नांदत असलेल्या. रात्रीं जेवणें झाल्यावर घरांतील थोरल्या नातसुनेनें दूरचित्रवाणीवर महेश मांजरेकर यांचा ‘अस्तित्व’ हा बोलपट लावला. “घरगुती आहे, सर्वांनीं पाहावा,” एवढेंच ती म्हणाली. अर्ध्या तासांत माजघर चिडीचीप झालें. घरचे यजमान ‘उद्यां लवकर उठायचें आहे’ असें सांगून उठून गेले. शेवटपर्यंत बसून राहिल्या त्या सर्व बायका, घरांतील एक विशीचा मुलगा, आणि आम्ही. त्या रात्रीं जें बोलणें झालें तें मनांतून जाईना, म्हणून हा लेखनप्रपंच.

‘अस्तित्व’ हा बोलपट २००० सालचा, मराठी आणि हिंदी अशा दोन्ही भाषांत निघालेला. त्या वर्षींचें सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचें राष्ट्रीय पारितोषिक त्यास मिळालें. गोष्ट थोडक्यांत अशी. श्रीकांत पंडित हे यशस्वी गृहस्थ. त्यांची पत्नी अदिती. मुलगा अनिकेत लग्नाच्या वयाचा. एके दिवशीं घरीं एक मृत्युपत्र येऊन पडतें. मल्हार कामत नांवाच्या, अदितीस पूर्वीं गाणें शिकविणाऱ्या गृहस्थांनीं आपली मालमत्ता तिच्या नांवें करून ठेविलेली असते. नवऱ्याच्या मनांत शंकेची पाल चुकचुकते. तो त्या काळच्या आपल्या जुन्या रोजनिशा काढतो, फिरतीच्या तारखा जुळवून पाहतो, आणि अनिकेत आपला मुलगा नव्हे या निष्कर्षास येतो. मग मुलासमक्ष, मुलाच्या वाग्दत्त वधूसमक्ष आणि स्नेह्यांसमक्ष अदितीची चौकशी होते. ती कांहीं नाकारीत नाहीं. तब्बू या नटीनें अदितीचें आणि सचिन खेडेकर यांनीं श्रीकांतचें काम केलें आहे, आणि दोघांचींही कामें अशीं वठलीं आहेत कीं, आपण चित्र पाहत नसून शेजारच्या घरांतलें भांडण ऐकत आहों असें वाटावें.

या कथेतील रोजनिशी आम्हांस फार महत्त्वाची वाटते. नवरा ती उघडतो तो एकच गोष्ट शोधण्यासाठीं : अमुक दिवशीं मी घरीं नव्हतों, मग माझी बायको कोणाजवळ होती? परंतु त्याच पानांवर दुसराही एक पुरावा असतो. त्या रात्रीं तो स्वतः कोठें होता? बोलपटांत पुढें उघड होतें कीं, फिरतीवर असतांना या गृहस्थांचेंही पाऊल घसरलेलें आहे, आणि तेंही एकदांच नव्हे. म्हणजे एकाच वहीत दोघांचा हिशेब; पण वाचला जातो तो एकीचाच.

हा एकेरी हिशेब केवळ चित्रपटांतला नाहीं. मोडनिंबची ख्याति महाराष्ट्रांत आणखी एका गोष्टीबद्दल आहे, आणि आमच्यासारख्या घरांत तिचा उच्चार सहसा दबक्या आवाजांत होतो. येथें संगीतबारीचीं कलाकेंद्रें आहेत. ढोलकी, पेटी, तबला आणि घुंगरू यांच्या साथीनें बैठकीची लावणी अशाच ठिकाणीं टिकून राहिली. अदाकारीचें तें कसब उपजीविकेच्या कष्टांतून जोपासलेलें आहे आणि त्याला नांवें ठेवण्याचा आमचा मुळींच हेतु नाहीं. प्रश्न प्रेक्षकांचा आहे. संगीतबारी पाहून पुरुष घरीं येतो, पाय धुतो, आणि देवघरांतील समईपुढें हात जोडतो. त्याला कोणी विचारीत नाहीं. नाचणाऱ्या कोल्हाटी स्त्रीला मात्र परंपरेनें लग्न वर्ज्य. तिच्या मुलांना बापाचें नांव नाहीं. शेजारच्याच करमाळा तालुक्यांतील नेरल्याचे डॉ. किशोर शांताबाई काळे यांनीं १९९४ सालीं प्रसिद्ध झालेल्या ‘कोल्हाट्याचं पोर’ या आत्मकथनांत हें दुःख मांडलें. बापाच्या नांवाच्या जागीं त्यांनीं आईचें नांव लाविलें. ‘अस्तित्व’मधील अनिकेतला बापाचें नांव आयतें मिळालेलें, तो मात्र खरें कळतांच आईस दूर लोटतो. या दोन मुलांस शेजारीं शेजारीं उभें करून पाहावें, म्हणजे आपली नीति कशाच्या पायावर उभी आहे तें ध्यानांत येतें.

पंढरपूर हें नुसतें विठोबाचें क्षेत्र नव्हे. प्रार्थना समाजाच्या विचारांनीं भारलेले लालशंकर उमियाशंकर यांनीं १८७५ सालीं तेथें अनाथ बालकाश्रम काढला. टाकून दिलेलीं अर्भकें वांचवावीं हा त्यामागील हेतु. त्याच्याही आधीं, १८६३ मध्यें, जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनीं पुण्यांत बालहत्या प्रतिबंधक गृह उघडलें होतें, आणि त्याची गरज सर्वांत अधिक होती ती ब्राह्मण विधवांना. हें वाक्य लिहितांना लेखणी अडखळते. पण खोटें कसें लिहावें? ज्या घरांत सोंवळें कडक, त्याच घरांतील कोंवळ्या वयाच्या विधवेवर हा प्रसंग येई. आणि येई तो बहुधा त्याच घरांतील कोणा पुरुषामुळें. पुरुष घरांतच राही. बाई तीर्थयात्रेच्या निमित्तानें बाहेर धाडली जाई.

शरीराला भूक असते हें न बोलल्यानें ती नाहींशी होत नाहीं, हें र. धों. कर्वे यांनीं आपणांस सांगून किती वर्षें झालीं! १९२७ च्या जुलैपासून १९५३ मध्यें मृत्यु येईपर्यंत त्यांनीं ‘समाजस्वास्थ्य’ मासिक एकहातीं चालविलें. अश्लीलतेचे खटले सोसले; १९३४ सालच्या खटल्यांत त्यांच्या बाजूनें डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. कर्वे यांचीं सर्व मतें आम्हांस पटतात असें नाहीं. परंतु संसारांत स्त्रीच्याही इच्छेला स्थान आहे, ही गोष्ट त्यांनीं ज्या धैर्यानें मांडली, तीच ‘अस्तित्व’च्या अखेरीस अदिती बोलून दाखविते. ती म्हणते तें सोप्या शब्दांत एवढेंच : मला घर, दागिने, मान सर्व मिळालें, पण मी एक सजीव बाई आहें याची दखल कोणीं घेतली नाहीं. तिला काम करावयाचें होतें, त्यास नवऱ्यानें नकार दिला. तो महिनोन्महिने फिरतीवर. घरांत ती एकटी. गाण्याची शिकवणी हाच तिचा विरंगुळा, आणि तेथेंच तोल गेला.

येथें कोणी म्हणेल, तुम्ही स्खलनाची भलावण करतां. तसें नाहीं. विवाहांत दिलेलें वचन मोडणें ही चूकच. ती पुरुषाची असो वा स्त्रीची. पंचवीस वर्षें एक गोष्ट पोटांत ठेवून संसार करणें हाही अन्यायच, नवऱ्यावर आणि त्याहून अधिक मुलावर. बोलपटावर आमचा एक आक्षेपही आहे. नवऱ्यास अखेरीस इतकें काळें रंगविलें आहे कीं, प्रेक्षकाची सहानुभूति अदितीकडे आपोआप वळावी. नवरा खरोखर सज्जन असता, तर? तो अवघड प्रश्न दिग्दर्शकानें टाळला आहे. मात्र चुकीचें माप दोघांना एक असावें, हें चित्राचें मुख्य म्हणणें त्यामुळें खोटें ठरत नाहीं.

कायद्याचें माप तरी कोठें एक होतें? भारतीय दंडविधानाच्या ४९७ व्या कलमान्वयें व्यभिचार हा गुन्हा होता खरा. परंतु तक्रार करण्याचा अधिकार मुख्यतः त्या स्त्रीच्या नवऱ्याला, आणि नवऱ्याची संमति असली तर गुन्हाच नाहीं! जणूं पत्नी म्हणजे मालमत्ता, आणि धन्याची परवानगी काय ती महत्त्वाची. ज्याच्या पत्नीनें सोसलें त्या पुरुषाविरुद्ध पत्नीला मात्र फिर्याद करतां येत नसे. १९८५ सालीं सर्वोच्च न्यायालयानें हें कलम वैध ठरविलें. तो निकाल सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांचा. पुढें २७ सप्टेंबर २०१८ रोजीं पांच न्यायमूर्तींच्या पीठानें एकमतानें तें रद्द केलें, आणि त्या पीठांत त्यांचेच चिरंजीव धनंजय चंद्रचूड होते. वडिलांचें मत मुलानें आदरपूर्वक बाजूस सारावें, हें एकत्र कुटुंबांतील मंडळींनीं मुद्दाम लक्षांत घेण्याजोगें आहे. व्यभिचार आज गुन्हा नाहीं. पण १९५५ च्या हिंदु विवाह कायद्यान्वयें घटस्फोटाचें कारण तो आहेच, आणि तें स्त्री-पुरुष दोघांनाही सारखेंच लागू आहे.

आतां आणखी दोन बोलपट आठवून पाहूं. प्रभातचा ‘कुंकू’ १९३७ सालचा, ना. ह. आपटे यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवरून व्ही. शांताराम यांनीं काढलेला. म्हाताऱ्या विधुराशीं फसवून लग्न लावून दिलेली नीरा त्याला नवरा मानण्यास साफ नकार देते. त्यांत त्या विधुराच्या समाजसेविका मुलीचें काम करणाऱ्या शकुंतला परांजपे यांनीं पुढें संततिनियमनाच्या कार्यासच वाहून घेतलें, हा योगायोग अर्थपूर्ण आहे. दुसरा बोलपट डॉ. जब्बार पटेल यांचा १९८२ चा ‘उंबरठा’, शांता निसळ यांच्या ‘बेघर’ या कादंबरीवरचा. तेथें चूक नवऱ्याची. सुलभा महिलाश्रमाच्या नोकरीवरून घरीं परतते, तेव्हां आपले दुसऱ्या बाईशीं संबंध असल्याचें तो तिला सांगतो, आणि तिनें तें समजून घ्यावें अशी त्याची अपेक्षा!

‘कुंकू’मध्यें चूक म्हाताऱ्या नवऱ्याची, आणि ती उमगल्यावर तोच बाजूला होतो, परंतु मुलीची सुटका व्हावयास त्याला जीव द्यावा लागतो. ‘उंबरठा’मध्यें चूक नवऱ्याची, आणि घर सोडते सुलभा. ‘अस्तित्व’मध्यें चूक दोघांची, आणि घर सोडते अदिती. अपराध कोणाचाही असो, पिशवी भरावी लागते ती बाईला. ‘अस्तित्व’मध्यें एकच नवी गोष्ट घडते. अनिकेतची वाग्दत्त वधू रेवती लग्न मोडते आणि अदितीबरोबर चालूं लागते. सासू-सुनेच्या नात्यावर विनोद करण्याची आपल्याकडे वहिवाट आहे. येथें सून व्हावयाची ती मुलगी सासूचा हात धरून बाहेर पडते.

आतां त्या रात्रीचें. चित्र संपल्यावर विशीचा नातू तावानें म्हणाला, “काहीही असो, तिनं आधीच सांगायला हवं होतं.” ऐंशीच्या घरांतील आजी कोपऱ्यांत वाती वळीत बसल्या होत्या. हातचें काम न थांबवितां त्या म्हणाल्या, “सांगायला गेली होती रे ती. पोर होणार म्हणून तो इतका हरखला होता, की त्यानं ऐकूनच घेतलं नाही. ऐकणारा नसला म्हणजे बाईनं सांगायचं कुणाला?” आणि थोड्या वेळानें, “अन् त्या वहीत बापाच्या किती रात्री बाहेर गेल्या, ते मोजलंस का तू?” मुलगा निरुत्तर झाला. नातसुना आजींकडे पाहतच राहिल्या. या घरांत इतकीं वर्षें नांदून आजी हें असें कांहीं बोलतील, हें त्यांच्या स्वप्नींही नव्हतें. त्यांच्या बोलण्यामागें काय होतें, हें आम्हीं विचारलें नाहीं. विचारणें योग्यही नव्हतें.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं चहाच्या वेळीं यजमान वर्तमानपत्र चाळीत बसले होते. वर न पाहतां त्यांनीं विचारलें, “सूनबाई, त्या बाईचं शेवटी काय झालं?”

“घर सोडून गेली, मामंजी.”

“आणि तो?”

“तो घरातच राहिला.”

यजमानांनीं पान उलटलें. मग तें खालीं ठेवून ते बराच वेळ अंगणाकडे पाहत बसले. त्या रात्रीं जेवणानंतर त्यांनीं होऊन तोच बोलपट पुन्हां लावावयास सांगितलें, आणि ते अखेरपर्यंत बसले. नंतर ते कांहींच बोलले नाहींत. पण उठून गेले नाहींत, हेंही कांहीं कमी नाहीं.

आमच्या वाचकांच्या घरोघरीं हें चित्र सर्वांनीं मिळून पाहावें, अशी आमची सूचना आहे. अवघडल्यासारखें होईल, होऊं द्यावें. ज्या घरांत मुलांच्या परीक्षेविषयीं, जमिनीच्या वांटणीविषयीं, दुखण्याखुपण्याविषयीं मोकळेपणीं बोलतां येतें, त्या घरांत नवरा-बायकोच्या एकटेपणाविषयीं बोलावयास लाज कां वाटावी? आणि कधीं काळीं कोणाची जुनी रोजनिशी उघडण्याची पाळी आलीच, तर तिचीं सारीं पानें वाचावीं.