चौकट : आई-वडिलांच्या नावाची ठेव

घरच्यांच्या नावाने विद्यापीठात व्याख्यान ठेवायचे, तर मुद्दल कायम ठेवीत राहते आणि केवळ व्याजातून वक्त्याचे मानधन व प्रवासखर्च भागतो. सर आशुतोष मुखर्जींनी दिवंगत मुलीसाठी कोलकाता विद्यापीठात ‘कमला व्याख्याने’ अशीच सुरू केली.

वनस्पतिशास्त्राला अशा दानाने काय दिले, हे मात्र आपल्या मालवणच्या शंकर पुरुषोत्तम आघारकरांकडे पाहून कळते. वकील रासबिहारी घोष यांनी 1913 मध्ये कोलकाता विद्यापीठाला 10 लाख रुपये दिले. त्यातून निघालेल्या अध्यासनांपैकी वनस्पतिशास्त्राचे आघारकरांकडे आले. अभ्यासासाठी ते जर्मनीला गेले, तोच पहिले महायुद्ध पेटले आणि तिथे त्यांना स्थानबद्धता भोगावी लागली. तरी डॉक्टरेट घेऊनच ते परतले. पुढे 1946 मध्ये पुण्यात महाराष्ट्र विज्ञानवर्धिनी स्थापन झाली, तिचे पहिले संचालक तेच. तिच्या संशोधन संस्थेला 1992 पासून त्यांचे नाव आहे. एका वकिलाचे पैसे इतके दूरवर पोहोचले!

सोलापुरातल्या सात रस्ता परिसरातल्या एखाद्या कुटुंबाने असे व्याख्यान ठेवायचे मनावर घेतले, तर 2004 साली स्थापन झालेले सोलापूरचे विद्यापीठ घरचेच आहे. विषयही जवळचेच : मोहोळच्या संशोधन केंद्रात स्थानिक वाणातून निवडलेली मालदांडी 35-1 ज्वारी, कोरडवाहू शेती आणि डाळिंब. डाळिंबाचे राष्ट्रीय संशोधन केंद्र 2005 पासून सोलापुरातच आहे.