तारप्याचं चित्र कानाने बघताना

आमच्या अथालमध्ये आणि एकूणच सिल्वासा परिसरात वारली चित्रं पावलोपावली भेटतात. कुंपणाच्या भिंतीवर, हॉटेलच्या दारात, दुकानातल्या चहाच्या कपांवर. त्यातलं सगळ्यात ओळखीचं चित्र तारपा नाचाचं: एक वाजवणारा आणि त्याच्याभोवती हात गुंफलेल्या माणसांची वेटोळी रांग. ते इतकं ओळखीचं झालंय की आपण त्याच्याकडे नीट बघतच नाही. मला वाटतं, हे चित्र नुसत्या डोळ्यांनी बघायचं नाहीच. त्याला कानही लागतात.

आधी वाद्याबद्दल. तारपा म्हणजे वाळवलेला दुधी भोपळा, त्यात बसवलेल्या बांबूच्या दोन नळ्या आणि पुढे ताडाच्या पानांचा लांब कर्णा. सांधे मेणाने बुजवलेले. गारुड्याची पुंगी आठवा, साधारण तिचाच हा मोठा भाऊ. याची खरी गंमत श्वासात आहे. वाजवणारा गालात हवा साठवतो. गाल ती हवा वाद्यात ढकलत असतानाच तो नाकाने नवा श्वास आत घेतो. त्यामुळे सूर तुटतच नाही.

मी चर्चच्या कॉयरमध्ये गाते. एखादा सूर लांबवायचा असेल तेव्हा आम्ही सगळे एकाच वेळी श्वास घेत नाही. शेजारची थांबली की मी चालू ठेवते, मी थांबले की ती. ऐकणाऱ्याला मधला खंड कळत नाही. तारपावाला हेच काम एकटा करतो. आम्हाला दहाजणींचा भरवसा लागतो, त्याला स्वतःचे दोन गाल पुरतात!

भातकापणीच्या दिवसांत, दिवाळीच्या आसपास, या न तुटणाऱ्या सुरावर नाच चालतो. नाचणारे एकमेकांच्या कमरेमागे हात गुंफतात आणि वाजवणाऱ्याभोवती फिरतात. त्याच्याकडे पाठ करायची नाही. त्याने चाल बदलली की रांगेची पावलं बदलतात. म्हणजे रांग चालते ती कानाने.

आता पुन्हा चित्राकडे या. माणसं कशी काढली आहेत? टोकाला टोक लावलेले दोन त्रिकोण, वर गोल डोकं, काडीसारखे हातपाय. ही माणसं आपल्याला बाजूने, समोरून दिसतात. पण त्यांची रांग मात्र वेटोळ्यासारखी दिसते, आणि तशी ती फक्त वरून, झाडावर चढून बघितलं तरच दिसेल. एकाच चित्रात दोन जागा! कॅमेऱ्याला हे जमणार नाही. मग हे चित्र नेमकं कुठे उभं राहून काढलंय? माझं उत्तर असं: रांगेत उभं राहून. नाचणाऱ्याला शेजारचा माणूस बाजूला दिसतो आणि रांग कशी वळतेय ते पावलांना कळतं. डोळ्यांना दिसलेलं आणि पायांना कळलेलं, दोन्ही एकाच भिंतीवर उतरतं. हे चित्र बघ्याचं नाही, नाचणाऱ्याचं आहे.

ही गोष्ट मला पुस्तकातून नाही, रस्त्यावर कळली. रिक्षाची वाट बघत मी एका नव्या रंगवलेल्या भिंतीजवळ उभी होते. शेजारी भाजीची टोपली घेऊन एक वारली आजी बसल्या होत्या. भिंतीवरचा नाच सुबक होता, पण पूर्ण गोल, कंपासने काढल्यासारखा. मी म्हटलं, "छान काढलंय ना, आजी?" त्या बराच वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "चांगलाय. पण मागून येल त्यानं हात कुठं धरायचा?"

बरोबरच होतं. जुन्या पद्धतीच्या चित्रात रांगेचं शेपूट मोकळं असतं. उशिरा आलेला तिथे येऊन हात गुंफतो. बंद गोलात नवा माणूस शिरणार कसा? भिंत रंगवणाऱ्याने आकार नीट बघितला होता, पण नाच त्याच्या कानापर्यंत पोचला नव्हता.

ही चित्रं मुळात लग्नघरातल्या भिंतीवर, तांदळाच्या पिठाने, सवाशिणी काढायच्या. डहाणू तालुक्यातले जिव्या सोमा म्हशे (1934-2018) यांनी ती कागदावर आणली आणि जगभर नेली. 2011 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. लहानपणी आई गेल्यावर ते बराच काळ बोलत नव्हते, मातीत रेघोट्या काढून आपलं म्हणणं सांगायचे, असं त्यांच्याबद्दल सांगतात. मुक्या झालेल्या मुलाच्या चित्रांत एवढी हालचाल, एवढा गजबजाट कुठून आला असेल? कदाचित बोलणं थांबलं, पण ऐकणं थांबलं नव्हतं.

आज चित्र सगळीकडे पोचलंय, तारपा मात्र तेवढा पोचलेला नाही. कपावरचा नाच आपण विकत घेतो आणि तो कोणत्या सुरावर चाललाय हे विचारत नाही. सूर ऐकणारं कुणी उरलं नाही तर रांगा हळूहळू अशाच बंद गोल होत जातील. सुबक, पण कुणालाही आत न घेणाऱ्या.

तेव्हा मित्रमैत्रिणींनो, पुढच्या वेळी असं चित्र दिसलं की एवढंच करा. आधी वाजवणारा शोधा. मग रांगेचं मोकळं टोक शोधा. ते सापडलं, तर ती जागा तुमच्यासाठी आहे.