दुबळ्या पायाची तालीम

गेल्या पाऊणशे वर्षांतील फुटबॉलच्या शिक्षणाचा मागोवा घेताना असे दिसते की, मुलाच्या दुबळ्या पायाचा मामला आरंभी ज्याच्या त्याच्या जिद्दीवर सोपविलेला होता आणि पुढे तो हळूहळू शिक्षकाच्या अखत्यारीत आला.

१९२२ साली प्रेस्टन येथे जन्मलेला टॉम फिनी जात्या डाव्या पायाचा. परंतु उजव्या पायाकडून त्याने इतकी कसून मेहनत करून घेतली की, इंग्लंडच्या संघात उजवी बगल हीच त्याची मुख्य जागा ठरली आणि ७६ सामन्यांच्या कारकिर्दीत डावी बगलही त्याने तितक्याच सफाईने सांभाळली. बेलफास्टच्या जॉर्ज बेस्टने तर, उजव्या पायात कॅनव्हासचा जोडा व डाव्यात खेळाचा बूट घालून केवळ डाव्यानेच खेळण्याचा नेम पोरवयात केल्याची आठवण स्वतःच सांगितली आहे. याउलट हंगेरीच्या पुश्काशने बहुतांशी एकट्या डाव्या पायाच्या बळावर ८५ सामन्यांत ८४ गोल केले आणि आळशी शिष्यांना कायमची सबब मिळवून दिली.

१९७४ साली फेयेनूर्ड संघास युएफा चषक जिंकून देणाऱ्या वील कूर्व्हर या डच शिक्षकाने थोर खेळाडूंच्या चित्रफिती बारकाईने अभ्यासून त्यांच्या कौशल्यांची पद्धतशीर मांडणी केली आणि दोन्ही पायांचा सराव हा नित्यपाठाचाच भाग झाला. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या नॉर्वेतील एका प्रयोगात पंधरा ते एकवीस वयाच्या खेळाडूंच्या एका गटाने आठ आठवडे, पूर्ण सामना वगळता, सारा सराव दुबळ्या पायाने केला. तेव्हा तो पाय तर सुधारलाच, पण नवल असे की, सबळ पायाची कामगिरीही उंचावली.

या नवलाचा एक उलगडा मैदानाच्या कडेला उभे राहून पाहणाऱ्यास सुचतो. उजव्या पायाचे मूल डाव्याने चेंडू मारू लागते तेव्हा त्याचा उजवा पाय चेंडूपासून हातभर मागेच रोवला जातो, गुडघा ताठ राहतो, धड मागे झुकते आणि चेंडू उगाच उंच उडतो. कारण आजवर केवळ मारण्याचा मान मिळालेल्या त्या पायाला शरीराचा भार तोलून धरण्याची सवयच नसते. म्हणून जाणता शिक्षक डाव्या पायाला दूषण न देता आधी उजवा पाय चेंडूच्या शेजारी टेकवावयास, गुडघा किंचित वाकवावयास शिकवितो आणि भिंतीपासून चार पावलांवर सावकाश फटके मारून घेतो. दुबळ्या पायाची तालीम ही निम्म्याहून अधिक सबळ पायाचीच तालीम आहे, हे उमगावयास या विद्येला इतका काळ लागला.