परसबागेची वसंतवार्ता

वसंत ऋतूचें जें वर्णन काव्यांतून आढळतें, त्यावरून छत्रपति संभाजीनगरांतील परसबागेची कल्पना करूं गेल्यास फसगत होण्याचा संभव आहे. थंड देशांत वसंत म्हणजे गोठलेली जमीन सैल होण्याचा काळ. बी पेरावयाचें तें त्याच वेळीं, आणि पुढें कित्येक महिने त्याला वाढीस मोकळे. मराठवाड्यांत मात्र फाल्गुन सरत आला, कीं एकीकडे कडुनिंबाला कोंवळी पालवी फुटते, आंब्याच्या मोहोरांत बारीक कैऱ्या दिसूं लागतात. आणि दुसरीकडे विहिरींचें पाणी खालावतें, वारा कोरडा होतो. झाडाला वाढीची ओढ लागते, नेमका त्याच वेळीं जमिनींतील ओलावा संपत असतो. म्हणून या शहरांतील हौशी माळी गुढीपाडव्याच्या सुमारास एकमेकांना भेटले म्हणजे त्यांच्या बोलण्यांत ‘काय उगवलें?’ या प्रश्नाच्या बरोबरीनें ‘काय टिकलें?’ हा प्रश्नहि येतोच.

ही वार्ता पसरण्याचीं साधनें अगदीं साधीं आहेत. सिडको, गारखेडा, समर्थनगर, ज्योतीनगर अशा वस्त्यांत घराभोंवतीं चार हात जागा असते. ती नसली तर निदान गच्ची तरी असते. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला बायका जमल्या, कीं आंब्याची डाळ आणि पन्हें यांच्या संगतीनें मोगऱ्याच्या कळ्यांची गोष्ट निघते. जुन्या शहरांतील मोहल्ल्यांतून पुदिन्याची जुडी किंवा मेंदीची फांदी भिंतीवरून पलीकडे जाते. आतां भ्रमणध्वनीवरील समूहांतहि कोणाच्या कारल्याचें पहिलें फूल, कोणाच्या लिंबाची गळ यांचीं छायाचित्रें सकाळींच येऊन पडतात. आणि त्याच ओघांत नळाला पाणी केव्हां आलें, कोणाच्या मुलीची परीक्षा संपली, कोण गांवाला निघालें व त्याच्या कुंड्यांना पाणी कोण घालणार, हेंहि कळतें. वरवर पाहणारास या केवळ गप्पा वाटतील. परंतु बागेच्या आणि संसाराच्या बातम्या येथें वेगळ्या काढतां येत नाहींत. नळाची वेळ बदलली, कीं बागेची दिनचर्या बदलते; आणि घरचीं माणसें आठ दिवस परगांवीं गेलीं, तर वर्षभराची मेहनत शेजाऱ्याच्या हातीं राहते.

या बोलण्याचें खरें मोल असें, कीं तें स्थळाचें ज्ञान आहे. बियांच्या पाकिटावरील सूचना साऱ्या देशासाठीं छापलेली असते. तीवरून कोंकणांतील दमट अंगण व मराठवाड्यांतील तापलेली गच्ची यांतील अंतर समजत नाहीं. शेजारच्या गच्चीवर पंधरा दिवसांपूर्वीं जें घडलें, तें मात्र त्याच उन्हांत आणि त्याच वाऱ्यांत घडलेलें असतें. वसंतांत वारंवार ऐकूं येणाऱ्या तीन तक्रारी घेतल्या, म्हणजे ही गोष्ट स्पष्ट होईल.

पहिली तक्रार मेथी-कोथिंबिरीची. थंडींत जी कोथिंबीर महिनाभर खुडतां येते, ती फाल्गुनांत वीतभर होण्यापूर्वींच फुलावर येते. यांत बियाण्याचा दोष नसतो. दिवस मोठा होऊं लागला आणि उष्णता वाढली, कीं या झाडांना आपला काळ संपल्याची जणूं सूचना मिळते, व तीं पानें सोडून बी धरण्याच्या मागें लागतात. अशा वेळीं त्यांच्याशीं झगडण्यापेक्षां माठ, राजगिरा, अंबाडी, चवळी, गवार व भेंडी यांच्याकडे वळावें. हीं उन्हाला न भिणारीं कुळें आहेत.

दुसरी तक्रार टोमॅटोची. झाड हिरवेंगार, फुलें भरपूर. पण फळ धरत नाहीं. दिवसाचें तपमान पस्तीस अंशांच्या वर आणि रात्रीचें चोवीस अंशांच्या वर राहूं लागलें, कीं टोमॅटोचे पराग दुबळे होतात व फूल देठाशीं गळतें. पुष्कळ लोक अशा वेळीं खत वाढवितात. त्यानें पानें वाढतात, फळ येत नाहीं. येथील टोमॅटो आश्विन-कार्तिकांत लावून उन्हाळ्याच्या आंत संपवावयाचा असतो, हें ज्ञान हौशी माळ्यांना बहुधा एक वर्ष फुकट गेल्यावर आणि शेजाऱ्याशीं बोलल्यावर होतें.

तिसरी तक्रार वेलांची. दुधी, दोडका, कारलें, काकडी यांच्या वेलांवर आरंभीं केवळ नरफुलें येतात. त्यामुळें नवख्या माणसाचा धीर सुटतो. मादीफूल ओळखण्याची खूण सोपी आहे : त्याच्या पाकळ्यांखालीं इवलेंसें फळ आधींच दिसतें. कारलें व काकडी यांचीं फुलें सकाळीं उमलतात व मधमाशा आपलें काम करून जातात. दुधी व दोडका यांचीं फुलें मात्र दिवस कलल्यावर उमलतात, आणि उंच गच्चीवर त्या वेळीं परागवाहक कीटक पुरेसे येतीलच असें नाहीं. अशा ठिकाणीं नरफूल खुडून त्याचे पराग मादीफुलाला हलकेच लावले, कीं फळ धरतें. हें काम दिवेलागणीला करावयाचें, एवढी एक गोष्ट ठाऊक नसल्यामुळें सकाळीं मिटलेलीं फुलें पाहून अनेकांनीं दुधीचे वेल उपटून टाकले असतील.

मातीचा प्रश्न तितकाच स्थानिक आहे. या भागांतील काळी माती भिजली म्हणजे फुगते आणि सुकली म्हणजे भेगाळते. शेतांत हा गुण उपकारक ठरतो, कारण ती ओल पुष्कळ दिवस धरून ठेवते. कुंडींत मात्र तीच माती पावसाळ्यांत चिखल होऊन मुळांचा श्वास कोंडते, व उन्हाळ्यांत आकसून कुंडीच्या कडेपासून सुटते. मग घातलेलें पाणी त्या फटींतून सरळ खालीं निघून जातें आणि मुळें कोरडींच राहतात. यासाठीं एक भाग काळी माती, एक भाग कुजलेलें शेणखत किंवा पालापाचोळ्याचें खत व एक भाग जाड रेती असें मिश्रण करण्याची पद्धति सोयीची पडते. वसंतांत शहरभर पानगळ होते. ती पानें जाळून टाकण्याऐवजीं एका कोपऱ्यांत दडपून ओलसर ठेवलीं, तर पुढील वर्षाचें खत घरबसल्या तयार होतें.

परंतु सर्वांत मोठा प्रश्न पाण्याचा, आणि तो या शहराच्या जन्मापासूनचा आहे. मलिक अंबरानें १६१० मध्यें खडकी येथें नगर वसविलें, आणि उत्तरेकडील डोंगरांच्या पायथ्याचें पाणी भूमिगत नहरींनीं तेथें आणलें. पाणचक्कीचें जातें फिरविणारें पाणी असेंच जमिनीखालून दूरवरून आलें. बीबी-का-मकबऱ्याभोंवतालची चारबाग आणि मोगल काळांतील हिमायतबाग हीं पाण्याच्या अशाच काटेकोर योजनेचीं फळें होत. त्या हिमायतबागेंत आज वसंतराव नाईक मराठवाडा कृषि विद्यापीठाचें फळ-संशोधन केंद्र आहे. अर्वाचीन शहराची तहान पैठणजवळील जायकवाडीच्या जलाशयावर अवलंबून राहिली. १९७६ मध्यें पुऱ्या झालेल्या या धरणाचें पाणी सुमारें पन्नास किलोमीटरांवरून उपसून आणावें लागतें, आणि गेल्या कित्येक वर्षांत शहरांतील अनेक वसाहतींनीं नळाच्या पाण्यासाठीं कित्येक दिवस वाट पाहिलेली आहे.

या परिस्थितींत कुंड्यांचा हिशेब करून पाहण्यासारखा आहे. गच्चीवर वीस मोठ्या कुंड्या आहेत व उन्हाळ्यांत प्रत्येकीला रोज दीड लिटर पाणी लागतें, असें धरलें तर रोजचे तीस लिटर होतात. नळ आठ दिवसांनीं येत असेल, तर बागेसाठींच दोनशें चाळीस लिटर, म्हणजे एका मोठ्या पिंपाहून अधिक पाणी सांठवावें लागेल. ज्या घरांत पिण्याचें पाणी मोजून वापरलें जातें, तेथें हें पाणी कोणाच्या वाट्यांतून घ्यावयाचें? पाण्याची ओढ असलेल्या शहरांत बाग करावी कीं नाहीं, असा प्रश्न काहीं विचारी माणसें करतात, आणि तो रास्त आहे.

त्याचें उत्तर हौशी माळ्यांनींच आपापसांत शोधलें आहे. तांदूळ, डाळी व भाज्या धुतलेलें पाणी मोरीवाटे जाऊं न देतां बादलींत धरलें, तर छोट्या बागेची बरीच गरज त्यांतच भागते. कुंडींतील मातीवर वाळक्या पानांचा अगर उसाच्या चिपाडांचा तीन-चार बोटें जाड थर दिला, म्हणजे ऊन मातीपर्यंत पोंचत नाहीं व बाष्पीभवन पुष्कळ कमी होतें. पाणी पहांटे अगर सूर्यास्तानंतर घालावें. कुंड्या सुट्या न ठेवतां एकमेकींना लागून ठेवाव्या, म्हणजे त्या परस्परांना सांवली देतात. जमिनींत लावलेल्या वेलाशेजारीं बिनझिलईचें भाजलेलें मडकें गळ्यापर्यंत पुरून तें भरून ठेवणें, हा तर फार जुना उपाय आहे. चीनमध्यें इसवी सनापूर्वींच्या पहिल्या शतकांत लिहिलेल्या शेतीविषयक ग्रंथांत त्याचें वर्णन आढळतें. मडक्याच्या सूक्ष्म छिद्रांतून, भोंवतालची माती जसजशी सुकेल तसतसें, पाणी झिरपतें. अर्थात् झाडच आपल्या गरजेपुरतें पाणी मागून घेतें. आणि इतकें करूनहि पाणी पुरत नसेल, तर चैत्र लागण्यापूर्वींच दहा कुंड्या रिकाम्या करून ठेवणें हाच शहाणपणा. वैशाखांत वीस झाडें अर्धपोटीं ठेवण्यापेक्षां दहा नीट जगविलेलीं बरीं.

हें सारें ज्ञान तोंडीं फिरतें, आणि तोंडीं फिरणारें ज्ञान घरांतील वडील माणसांबरोबर नाहींसें होतें. याला उपाय एका साध्या वहीचा आहे. इंग्लंडांत नॉरफोक परगण्यांतील रॉबर्ट मार्शम या गृहस्थानें १७३६ पासून वसंताच्या खुणा, म्हणजे कोणतें फूल केव्हां उमललें, कोणत्या झाडाला पालवी केव्हां फुटली, हें टिपून ठेवण्यास आरंभ केला, आणि त्याच्या घराण्यानें हा क्रम १९५८ पर्यंत चालविला. जपानांत क्योतो येथील चेरीच्या बहराच्या नोंदी नवव्या शतकापासूनच्या उपलब्ध आहेत. २०२१ मध्यें तेथें २६ मार्चला पूर्ण बहर आला. तोंवरच्या बाराशें वर्षांच्या नोंदींत इतका लवकर बहर आढळला नव्हता, हें शास्त्रज्ञांना त्या जुन्या नोंदींमुळेंच सांगतां आलें. लिहिणारांच्या मनांत हवामानशास्त्र नव्हतें. त्यांना केवळ बहराचा दिवस लक्षांत ठेवावयाचा होता.

छत्रपति संभाजीनगरांतील घरोघर अशी वही ठेवणें मुळींच अवघड नाहीं. मोगऱ्याची पहिली कळी, कडुनिंबाचा मोहोर, कोथिंबीर फुलावर आली तो दिवस, दुधीचें पहिलें फळ, आणि त्यांच्याच जोडीला नळाला पाणी आल्याची तारीख, इतक्या नोंदी पुरेत. चार-पांच वर्षांनीं दोन शेजाऱ्यांनीं आपल्या वह्या जवळ ठेवून पाहिल्या, कीं कोणतें बी कोणत्या आठवड्यांत लावावें आणि किती कुंड्या ठेवाव्या, याचें त्या गल्लीपुरतें पंचांग त्यांच्या हातीं येईल. तें पंचांग दुसरा कोणी छापून देणार नाहीं. तेथें राहणाऱ्या, तेथलेंच पाणी मोजून वापरणाऱ्या माणसांनींच तें लिहावयाचें आहे.