गाळलेली जागा आणि गेलेले गुण

मावळातली आमची पोरे-पोरी हुशार आहेत. सामान्य ज्ञान म्हणा, गणित म्हणा, कुठे मागे नाहीत. लोणावळ्याच्या वस्तीत रविवारी आम्ही त्यांच्या जुन्या प्रश्नपत्रिका घेऊन बसतो, तेव्हा गाडी अडते ती इंग्रजीत. तलाठी भरतीच्या २०२३ सालच्या परीक्षेत १०० प्रश्नांपैकी २५ इंग्रजीचे होते, आणि प्रत्येकाला २ गुण. एवढ्या दोन गुणांनी यादीतले नाव खाली जाते. मग बाप म्हणतो, “जाऊ दे, कामाला लाग.”

म्हणून आज एकच धडा घेऊ : संबंधी सर्वनाम. मराठीत जो, जी, जे. इंग्रजीत हू, हूम, हूज, विच, दॅट. 

गाळलेली जागा दिसली की आधी मागचा शब्द पाहावा. माणूस असेल तर विच नको. वस्तू किंवा जनावर असेल तर हू नको. मराठीत ‘जो मुलगा’ आणि ‘जो दगड’ दोन्ही चालतात, म्हणून आपली मुले इथे फसतात.

मग पुढचा शब्द पाहावा. ‘द वूमन — सेल्स चिक्की’ : पुढे क्रियापद, म्हणून हू. ‘द वूमन — वुई मेट’ : पुढे दुसरा कर्ता, म्हणून हूम. ‘द वूमन — सन वर्क्स इन द रेल्वे’ : जिचा मुलगा, म्हणून हूज. नुसत्या भाषांतरावर विसंबू नये. ‘ज्याला ताप आहे’ यातला ‘ज्याला’ पाहून हूम लिहाल तर चुकाल. इंग्रजीत ‘द बॉय हू हॅज फीव्हर’ असेच होते.

मागे स्वल्पविराम असेल तर दॅट घालू नये. ‘कार्ला केव्हज, विच आर नियर लोणावळा’ हे बरोबर.

आता सर्वांत मोठा सापळा. ‘जो मुलगा काल आला, तो माझा भाऊ’ असे आपण बोलतो. ‘जो’ आला की ‘तो’ येणारच. त्या सवयीने मुले लिहितात, ‘द बॉय हू केम यस्टरडे ही इज माय ब्रदर’. यातला ‘ही’, म्हणजे ‘तो’, जादा आहे. आम्ही बी.कॉम. झाल्यावर दिलेल्या पहिल्याच नोकरीच्या परीक्षेत हीच चूक केली होती.

असे का, ते कार्ल्याच्या लेण्यावरून समजावता येते. तिथल्या शिलालेखात वैजयंतीच्या भूतपाल श्रेष्ठीने हे शैलगृह पुरे केल्याची नोंद आहे. मुलांना दोन वाक्ये द्या : ‘भूतपाल वॉज अ मर्चंट. ही केम फ्रॉम वैजयंती.’ जोडल्यावर होते, ‘भूतपाल वॉज अ मर्चंट हू केम फ्रॉम वैजयंती.’ ‘ही’ उठला आणि त्याच्या जागी ‘हू’ बसला. एका खुर्चीवर दोघे बसत नाहीत, एवढे ध्यानात ठेवले की पुरे.

माताभगिनींनो, आपल्याला इंग्रजी येत नाही म्हणून बाजूला बसू नका. रात्री भाकरी थापताना मुलाला दोनच प्रश्न विचारा : “गाळलेल्या जागेच्या मागे कोण? पुढे काय?” उत्तर त्याने तोंडाने सांगावे आणि मगच लिहावे. रोज पाच वाक्ये झाली तरी महिन्यात दीडशे होतात. क्लासची फी ज्यांना परवडत नाही, त्यांनाही एवढे करता येईल.