पेडल रुसलं, पण कुणामुळे?

मुलांनो, घरात एखादी वस्तू बिघडली की पहिला प्रश्न कोणता येतो? "काय बिघडलं?" छे! "कुणी बिघडवलं?" हो ना? आमच्या शाळेतही अगदी असंच झालं.

एका माजी विद्यार्थ्याने आमच्या शाळेला डिजिटल पियानो भेट दिला आहे. सातवीतली एक मुलगी तो छान वाजवते. स्नेहसंमेलनाला आठ दिवस उरले होते. ती धावत आली, "बाई, पेडल चालतच नाही! सगळे सूर तुटक येताहेत."

लगेच चौकशी सुरू! कुणीतरी म्हणालं, "बाई, काल तिसरीतला तो पेडलवर उभा होता. मी पाहिलं!" झालं, सगळ्यांची बोटं त्याच्याकडे वळली. खरं सांगते, मीही त्याला रागावले. दुसऱ्या दिवशी प्रार्थनेला तो सगळ्यांत मागे, मान खाली घालून उभा होता.

आता हे पेडल करतं तरी काय? शाळेची घंटा वाजल्यावर तिला हात लावून पाहा. नाद पटकन थांबतो. तारांच्या पियानोतही असंच असतं. पट्टी दाबली की छोटी हातोडी तारेवर आपटते आणि तारेवरचा लोकरीचा मऊ तुकडा उचलला जातो. पट्टी सोडली की तो तुकडा परत तारेवर बसतो आणि सूर थांबतो. उजव्या पायाखालचं पेडल दाबलं, की असे सगळे तुकडे एकदम वर! मग बोट काढलं तरी सूर घुमत राहतो.

डिजिटल पियानोत मात्र तारा नाहीत, तारांवर आपटणाऱ्या हातोड्याही नाहीत. तिथे पेडल म्हणजे बहुतेक वेळा एक साधा स्विच. दाबला की निरोप जातो, "सूर सोडू नकोस!" इलेक्ट्रॉनिक वाद्यांनी एकमेकांना निरोप द्यावेत म्हणून १९८३ साली 'मिडी' नावाची एक भाषा आली. तिच्यात या पेडलचा क्रमांक आहे ६४. पेडलचा निरोप ० ते १२७ अशा आकड्यात जातो. साधारणपणे ६३ पर्यंत 'सोडलं' आणि ६४ पासून 'दाबलं' असा त्याचा अर्थ.

म्हणजे बिघाड तीनच ठिकाणी असू शकतो : पेडलमध्ये, वायरमध्ये किंवा पियानोत. मग सातवीची मुलं आणि मी डॉक्टरांसारखी तपासणी सुरू केली.

आधी सोपं ते पाहिलं. पेडलची पिन योग्य भोकात आहे ना? हेडफोनचं भोकही कधी कधी तसंच दिसतं. पिन पूर्ण आत गेली आहे ना? दोन्ही ठीक होतं.

मग दुसरी शंका. काही वेळा पेडल उलटंच वागतं. पाय काढला की सूर घुमतो, दाबला की थांबतो. याचं कारण, पेडलचे स्विच दोन प्रकारचे असतात. एक दाबल्यावर जोडला जातो, दुसरा दाबल्यावर सुटतो. बरेच पियानो चालू होतानाच पेडल कोणत्या प्रकारचं आहे ते पाहून घेतात. नेमका तेव्हाच पाय पेडलवर असला, तर त्यांची फसगत होते! उपाय सोपा. पियानो बंद करा, पिन नीट लावा, पाय बाजूला ठेवा आणि मग चालू करा. आम्ही तेही केलं. पण पेडल ढिम्म!

आता खरी परीक्षा. पेडलची पिन पियानोतून काढली. दोन पेन्सिल सेल, टॉर्चचा छोटा बल्ब आणि वायरचे तुकडे घेऊन विज्ञानाच्या पुस्तकातला परिपथ केला. पिनवर काळ्या कड्याने वेगळे केलेले दोन भाग असतात : टोक आणि दांडा. परिपथाचं एक टोक पिनच्या टोकाला, दुसरं दांड्याला लावलं. पेडल दाबलं. बल्ब पेटला नाही. एका मुलाने वायर सहज हलवली आणि बल्ब लुकलुकला! वायर पिनजवळ सरळ धरली, तर पेडल दाबताच बल्ब लख्ख पेटला. सोडलं की विझला. म्हणजे पेडल ठणठणीत होतं. पिनजवळच्या वायरीत, प्लॅस्टिकच्या आतली तांब्याची तार तुटली होती.

एवढ्यात एक चिमुरडी म्हणाली, "बाई, रोज वायर तुम्हीच तर घट्ट गुंडाळता!"

मी गप्पच झाले. खरंच होतं ते. रोज पियानो झाकताना वायर पेडलभोवती करकचून गुंडाळणारी मीच! एकाच जागी रोज वाकून तार तुटली होती. पेडलवर उभं राहणं चुकीचंच, पण बिघाड त्याने झाला नव्हता.

बाजारातल्या टीव्ही दुरुस्त करणाऱ्या काकांनी तुटका भाग कापून टाकला आणि नवी पिन डाख देऊन बसवली. अर्ध्या तासात काम झालं. दुसऱ्या दिवशी प्रार्थनेनंतर मी सगळ्यांसमोर त्या मुलाला म्हणाले, "बाळ, माझं चुकलं. मी न तपासताच तुला रागावले." तो लाजला. संमेलनात पडद्यामागे पियानोजवळ उभं राहून पेडलची राखण मात्र त्यानेच केली!

मुलांनो, तुम्हीही करून पाहा, पण मोठ्यांना सोबत घेऊन. परिपथ फक्त सुट्या पेडलला जोडायचा, पियानोला कधीच नाही. घरातल्या विजेला हात लावायचा नाही. डाख देणं मोठ्यांचं काम. काही पेडलांत आत रबरी बटण असतं, तिथे बल्ब पेटत नाही. काहींच्या पिनला तीन भाग असतात. अशी पेडलं मल्टिमीटर असलेल्या जाणकाराकडेच न्या. आणि वायर नेहमी मोठ्या, सैल वेटोळ्यात ठेवा.

पालकहो, एक विनंती तुम्हालाही. घरात काही बिघडलं, तर दोषी शोधण्याआधी दोष शोधू या. वायरीला डाख देता येतो. पण उगीच बोलणी खाल्लेल्या मुलाचं मन सांधायला फार वेळ लागतो.