बटरमध्ये बटर नसतं, बरं का!

दुपारचे सव्वाचार. ऑफिसच्या पँट्रीतलं मशीन 'गर्र' करत कपात चहा नावाचं काहीतरी ओततंय. तेवढ्यात टीममधलं कुणीतरी ड्रॉवरमधून एक पारदर्शक पिशवी बाहेर काढतं. गावाहून आलेली, वर साधी रबर बँड लावलेली. आत खारी, टोस्ट आणि ते गोल, टणक, जिरं घातलेलं 'बटर'. दोन मिनिटांत पिशवी खल्लास! टीम लीडरने बँकॉकहून आणलेला कुकीजचा चकचकीत डबा मात्र तीन दिवस तसाच पडून. असं का बरं होत असेल?

मी मूळची जालन्याची. माझ्यासाठी बेकरी म्हणजे चीजकेक आणि क्रोसाँ नव्हे, तर काचेच्या चौकोनी बरण्या, वर्तमानपत्राचा पुडा आणि गल्लीच्या तोंडापासूनच येणारा तो वास. त्यामुळे गेल्या दिवाळीत ठरवलं, की या वासाच्या मागे थोडं फिरून बघायचं. आधी जालना, मग मुंबई, जमलं तर पुणे. डाएट? ते नंतर बघू!

सळयांच्या गावातली छोटी भट्टी

जालना म्हटलं की लोकांना दोनच गोष्टी आठवतात, सळया आणि बियाणं. दोन्ही खरंच आहे. महिकोसारखी बियाण्यांची कंपनी १९६४ मध्ये इथेच सुरू झाली आणि इथल्या कारखान्यांतल्या सळया पार कुठकुठल्या टॉवरमध्ये जाऊन बसल्यात. पण कुंडलिका नदीच्या अलीकडे-पलीकडे, जुन्या जालन्यात आणि नव्यातही, आणखी एक भट्टी असते. ती पहाटे तीनला जागी असते आणि आपण गाढ झोपेत असतो.

या वेळी मी अलार्म लावून गेले. दुकानाच्या मागच्या बाजूला विटांची, आतून घुमटासारखी भट्टी. लाकडं तिच्या पोटातच पेटवायची. विटा रापून तापल्या की निखारे बाजूला ओढायचे, ओल्या फडक्याने तळ पुसायचा आणि लांब दांड्याच्या फळीने पावाचे पत्रे आत सारायचे. आच केवढी आहे हे सांगायला कुठला डिस्प्ले नाही, की 'टिंग' करणारा टायमर नाही. कारागीर मूठभर मैदा तळावर टाकतो, तो किती झटक्यात करपतो ते बघतो आणि ठरवतो. बस्स.

खरी गंमत पुढे आहे. सगळ्यात कडक आच पावाला लागते, म्हणून पाव पहिला. पावाच्या लाद्या बाहेर आल्या की भट्टी हळूहळू उतरायला लागते. मग खारीचा नंबर, मग बिस्किटं आणि नानकटाई. आणि शेवटी जेव्हा आत नुसती ऊब उरते, तेव्हा टोस्ट आणि बटर आत जाऊन निवांत वाळत बसतात. म्हणजे तुम्ही-आम्ही चहात बुडवतो तो टोस्ट हा पावाच्या उरलेल्या उष्णतेवर झालेला असतो. एकदा भाजलेल्या ब्रेडचे काप करायचे आणि ते पुन्हा भाजायचे, की झाला टोस्ट. दुसऱ्यांदा भाजायला वेगळं लाकूड लागत नाही, म्हणून तो स्वस्त. बरणीतला सगळा मेन्यू म्हणजे एका भट्टीचं थंड होत जाणं!

आणि बटर? त्यात बटर नसतं, बरं का. मैदा, मीठ, जिरं किंवा ओवा आणि बहुतेक ठिकाणी डालडा. नाव कुणी ठेवलं कोण जाणे, पण मार्केटिंग सॉलिड आहे.

दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात तर या बेकऱ्यांचं रूपच पालटतं. घराघरांतून लोक मैदा, पिठीसाखर आणि घरचं तूप घेऊन येतात. आमची आई वेलची स्वतः कुटून नेते, बेकरीवाल्याच्या वेलचीवर तिचा काडीचा विश्वास नाही. तिथे पीठ मळून, गोळे करून, पत्र्यावर लावून भाजून मिळतं आणि पैसे किलोवर द्यायचे. प्रत्येक पत्र्यावर नावाची चिठ्ठी. तरीही समस्त काकू-मावशी मंडळी भट्टीच्या तोंडाशी उभ्या, कारण आपल्या साजूक तुपाची नानकटाई चुकून दुसऱ्याच्या डालड्याच्या डब्यात गेली तर? हिंदू-मुसलमान, शेठजी-हमाल, सगळ्यांचे पत्रे एकाच भट्टीत एकामागोमाग जातात. घरी ओव्हन नसलेल्या गावाने शोधलेला हा जुगाड आहे. आपण ज्याला 'शेअर्ड किचन' म्हणून पीपीटीत घालतो ना, ते हेच.

सीएसएमटीला उतरा आणि चालायला लागा

जालन्याहून मुंबईला वंदे भारत सुरू झाली ३० डिसेंबर २०२३ रोजी (२०२५ मध्ये ती नांदेडपर्यंत गेली, त्यामुळे आता खिडकीची सीट मिळणं कठीण!). तिचा फायदा असा, की सीएसएमटीला उतरलं की दक्षिण मुंबईतल्या जुन्या इराणी बेकऱ्या चालत जाण्याच्या अंतरावर आहेत.

फोर्टातली यझदानी माझी सगळ्यात लाडकी. पन्नासच्या दशकातली बेकरी, उतरतं छप्पर, जुनं फर्निचर आणि आजूबाजूला सूट-बूटवाल्यांचं जग. इथे जाऊन 'काय स्पेशल आहे?' असं विचारू नका. 'एक ब्रून मस्का, एक चाय' म्हणा. ब्रून म्हणजे कडक कवचाचा पाव. आतून मऊ, वरून असा, की चावताना टाळूला ओरखडा यावा. त्यावर लोणी आणि मग तो चहात बुडवायचा. चहावर लोण्याचे सोनेरी ठिपके तरंगायला लागले, की समजा बरोबर चाललंय. ज्यांचे दात नाजूक आहेत त्यांच्यासाठी बन मस्का आहेच, पण तो काय, सगळीकडे मिळतो.

तिथून मेट्रो सिनेमाच्या दिशेने निघालात, की धोबी तलावाला कयानी अँड कंपनी, १९०४ सालची. जवळच ससानियन, १९१३ ची. इराणच्या यझद आणि केरमान भागातून आलेल्या झोरास्ट्रियन लोकांनी ही हॉटेलं थाटली. मावा केक घ्या, डब्यात भरून ऑफिसात न्या, अप्रेझलच्या आठवड्यात विशेष उपयोगी पडतो. पाव मात्र इराण्यांनी आणलेला नाही. तो पोर्तुगीजांचा, त्यांच्या भाषेत 'पांव' म्हणजेच ब्रेड. पायाने मळतात म्हणून पाव, ही आपल्या आज्यांनी घरात पाव येऊ नये म्हणून पसरवलेली अफवा असावी असा मला दाट संशय आहे!

धूर कुणाचा, खर्च कुणाचा?

आता जरा सिरीयस. मुंबईच्या बिघडलेल्या हवेची मुंबई उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये स्वतःहून दखल घेतली आणि ९ जानेवारी २०२५ च्या आदेशात लाकूड-कोळशावर चालणाऱ्या बेकऱ्या आणि हॉटेलांना सहा महिन्यांत गॅस किंवा दुसऱ्या स्वच्छ इंधनावर जायला सांगितलं. पाठोपाठ महापालिकेच्या नोटिसा निघाल्या. त्यानंतर फेसबुकवर 'आमचा ब्रून वाचवा' टाइप पोस्ट्सचा पूर आला.

मला त्या पोस्ट्स पूर्ण पटत नाहीत. पहाटे तीनला मी ज्या भट्टीपुढे उभी होते, तिथे दहा मिनिटांत डोळ्यांतून पाणी यायला लागलं. तिथली मुलं तर रात्र-रात्र उभी असतात आणि त्यातली बरीच तिथेच पोत्यांवर झोपतात. त्यांच्या छातीत जाणाऱ्या धुराला आपण 'स्मोकी फ्लेवर' म्हणायचं, हे जरा अतीच झालं. भंगारातलं, रंग लावलेलं फर्निचर जाळलं जातं तिथे तर प्रश्न आणखी गंभीर. धूर जायलाच हवा.

पण भट्टी बदलायची म्हणजे नुसता बर्नर बदलायचा नसतो. विटांची भट्टी पाडायची, नवा ओव्हन घ्यायचा, गॅसची लाइन किंवा विजेचा जादा भार घ्यायचा आणि तेवढे दिवस दुकान बंद ठेवायचं. बहुतेक जागा जुन्या भाडेपट्ट्यावरच्या, त्यामुळे बँक कर्ज देताना तारण काय विचारते ते वेगळंच. दुसरीकडे पाव ही अशी वस्तू आहे, की तिची किंमत एक रुपयाने वाढली तरी खाली वडापावच्या गाडीपर्यंत हिशेब बदलतो. मी ब्रून मस्क्याला दहा रुपये जास्त देईन, त्यात काही मोठं नाही. पण ज्याचं दुपारचं जेवणच दोन वडापाव आहे त्याचं काय? हवा सगळ्यांची साफ होणार असेल, तर बिल एकट्या बेकरीवाल्याच्या आणि वडापाव खाणाऱ्याच्या माथी का?

आणि हे फक्त मुंबईपुरतं आहे असं समजू नका. केंद्राचा राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम २०१९ मध्ये सुरू झाला, त्यातल्या महाराष्ट्रातल्या शहरांच्या यादीत जालन्याचंही नाव आहे. २०२३ मध्ये तर जालन्याला महापालिकाही मिळाली. आज ना उद्या नोटीस इकडेही येऊ शकते. तेव्हा त्या काकूंच्या चिठ्ठी लावलेल्या पत्र्यांचं काय होणार, हा माझ्यापुरता खरा प्रश्न आहे. लाकडाच्या भट्टीत पाव झाल्यावर उरलेली आच जवळजवळ फुकट असते, म्हणून घरची नानकटाई चार पैशांत भाजून देणं परवडतं. गॅसच्या किंवा विजेच्या ओव्हनला प्रत्येक घाणीचं मीटर पडतं. मग बेकरीवाला म्हणेल, 'ताई, तुमचं सामान नको, आमची तयार नानकटाई घेऊन जा.' चव कदाचित तीच असेल. पण आईच्या वेलचीचं काय? माझ्या मते स्वच्छ ओव्हनसाठी अनुदान द्यायचं असेल, तर पहिला नंबर अशा गल्लीतल्या बेकऱ्यांचा हवा. ब्रँडेड केक शॉपवाले आपलं बघून घेतील.

पुण्यात धावती भेट

पुणेकरांनो, रागावू नका, तुमच्यासाठी एकच दिवस उरला होता. कॅम्पातल्या ईस्ट स्ट्रीटवरची कयानी बेकरी १९५५ ची (मुंबईची कयानी वेगळी, हे लक्षात असू द्या). श्रूजबेरी बिस्किटांसाठी तिथे लोक रांग लावतात आणि ती रांग बघून अनोळखी माणसंही मागे उभी राहतात. चितळ्यांनी २०१७ मध्ये दुपारची वामकुक्षी सोडली, पण कयानीला दुपारी जाण्याआधी मात्र वेळ बघूनच जा. आपटे रोडवर संतोष बेकरीचं गरम पॅटिस घ्या आणि तिथेच फुटपाथवर उभं राहून खा. घरी नेऊन मायक्रोवेव्हमध्ये घातलंत तर पदर सुटत नाहीत, नुसता लगदा होतो. महात्मा गांधी रोडच्या मार्झोरिनला सँडविच. पांढरा मऊ ब्रेड, आत बेताचं सारण, उगाच सॉसचा मारा नाही.

सहा तुकड्यांचं गणित

सँडविचवरून आठवलं. बेकरीत मान पावाला, पण ऑफिसवाल्यांची भूक भागवतो तो रस्त्यावरचा सँडविचवाला. त्याला लागतो चौकोनी स्लाइस ब्रेड. हा ब्रेड आपल्याकडे घरोघरी पोचवण्यात मोठा वाटा मॉडर्न ब्रेडचा. १९६५ मध्ये सुरू झालेली ही सरकारी कंपनी २००० मध्ये हिंदुस्तान लिव्हरने घेतली. आता गावोगावच्या बेकऱ्याही झाकणाच्या साच्यात हा ब्रेड भाजतात, आणि माझं स्पष्ट मत आहे की ताजा असेल तर तोच भारी.

गाडीवरचा हात बघत राहावा असा असतो. दोन्ही स्लाइसना कडेपर्यंत लोणी (ते नुसतं चवीला नाही, चटणीचं पाणी ब्रेडमध्ये मुरू नये म्हणून), मग हिरवी चटणी, उकडलेला बटाटा, काकडी, बीट, टोमॅटो, कांदा. प्रत्येक थरावर मसाल्याची चिमूट. लोखंडी साच्यात दाबून विस्तवावर दोन्ही बाजूंनी शेकायचं आणि सुरीचे सटासट घाव घालून सहा तुकडे. बीट नको म्हणणारे ग्राहक मला आवडत नाहीत. बीट नसेल तर ते सँडविच कसलं, बटाट्याची भाजी-पोळीच की!

जालन्यातही आता संध्याकाळी क्लासेस सुटतात त्या भागात सँडविचच्या गाड्यांभोवती बाईक लावायला जागा नसते. इथल्या सँडविचवर शेव जास्त आणि चटणी मुंबईपेक्षा चांगलीच झणझणीत, त्यामुळे पहिल्यांदा खाणार असाल तर 'चटणी कमी' असं आधीच सांगा. आणि सोबत कोल्ड्रिंक मागू नका. जालना मोसंबीचा जिल्हा आहे, जवळपास रसाची गाडी सापडतेच. बर्फ कमी, मीठ अजिबात नको, आणि ग्लास तुमच्यासमोर धुवून घ्या.